पालवणकर बाळूंचा फलक कोरण्याआधी : एक खुले पत्र

प्रति,
पालवणकर बाळू यांच्या नावाने फलक, दालन, पुतळा किंवा स्पर्धा करू पाहणारे जिमखाने, क्रीडा मंडळे, शाळा आणि स्मारक समित्या

स. न. वि. वि.

बाळूंच्या नावाने काही करायचं ठरलं की बैठकीत पुतळ्याची उंची, पाहुणे आणि हारतुरे यांवर तासभर चर्चा होते आणि मजकूर मात्र शेवटच्या रात्री कुठून तरी उचलला जातो. मग 'पहिले दलित क्रिकेटपटू, महान गोलंदाज, संघर्षाचे प्रतीक' एवढ्यावर काम भागतं. त्यात आकडे चुकतात, माणसं चुकतात आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. मुख्य गोष्ट अशी, की बाळूंपुढचा अडसर एका दिवशी कोसळला नाही. तो तुकड्यातुकड्यांनी आणि ठरावीक क्रमाने सरकला. जिथे संघाला त्यांची गरज होती तिथे लवकर, जिथे गरज नव्हती तिथे उशिरा, आणि शेवटच्या ठिकाणी त्यांच्यासाठी सरकलाच नाही. तुमचा फलक हा क्रम दाखवू शकला तर तो उभारण्यात अर्थ आहे.

आम्ही गुणलेखन करणारे, पंचगिरी करणारे आणि खेळपट्टीवर राबणारे लोक आहोत. म्हणून आमच्या सूचनाही त्याच बाजूने आहेत.

आधी आकडे. सर्वांत मोठा घोटाळा १९११ च्या इंग्लंड दौऱ्याचा होतो. कुठे बाळूंचे ११४ बळी छापलेले असतात, कुठे ७५. दोन्ही बरोबर आहेत. पटियाळ्याचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली गेलेला तो संघ एकूण २३ सामने खेळला आणि त्यातले १४ प्रथम दर्जाचे होते. सगळे सामने धरले तर ११४ बळी, सरासरी १८.८४. फक्त प्रथम दर्जाचे धरले तर ७५ बळी, सरासरी २०.१२. गडबड होते ती एका रांगेतले बळी आणि दुसऱ्या रांगेतली सरासरी एकत्र छापल्याने. ११४ च्या शेजारी २०.१२ दिसलं की समजावं, मजकूर दोन ठिकाणांहून जोडलाय. पडताळणी सोपी आहे. बळी गुणिले सरासरी म्हणजे दिलेल्या धावा. ११४ बळींसाठी सुमारे २१४८ धावा, ७५ बळींसाठी १५०९. वजाबाकी केली की दुय्यम सामन्यांत ३९ बळी आणि ६३९ च्या आसपास धावा उरतात, म्हणजे बळीमागे साडेसोळाहून थोड्या कमी. दुबळ्या संघांविरुद्ध सरासरी खाली येणं स्वाभाविकच आहे, हिशेब जुळतो.

कारकिर्दीचे आकडे असे : ३३ प्रथम दर्जाचे सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, एका डावातली सर्वोत्तम कामगिरी १०३ धावांत ८ बळी. फलंदाजीत ७५३ धावा, सरासरी १३.६९. वरचीच वजाबाकी इथे करून बघा. इंग्लंडमधले ७५ बळी बाजूला काढले तर भारतात १०४ बळी उरतात आणि ते सुमारे १२१४ धावांत आलेत. बळीमागे बाराही धावा नाहीत. हा आकडा आम्हाला कुठल्याही फलकावर दिसत नाही, आणि आमच्या मते सर्वांत बोलका तोच आहे.

'कसोटीपटू' हा शब्द कृपया वापरू नका. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. १९११ चा संघ 'अखिल भारतीय' म्हणून गेलेला पहिला संघ, एवढं पुरे. तो फार जिंकलाही नाही. २३ पैकी ६ सामने जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित. सर्वांत भरवशाचा फलंदाज के. एम. मिस्त्री महाराजांच्या दिमतीला अडकून मोजकेच सामने खेळला, आणि स्वतः महाराजांना क्रिकेटपेक्षा लंडनमधल्या मेजवान्यांत अधिक रस होता. लेस्टरशायरविरुद्ध मिळालेल्या विजयात बाळूंचे दोन डावांत मिळून ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्धचा एका गड्याने मिळवलेला विजय त्यांचे धाकटे भाऊ शिवराम यांच्या नाबाद ११३ धावांमुळे साधला. फलकावर जागा कमी असेल तर हे दोन सामने पुरतील.

जन्मसाल कुठे १८७५ तर कुठे १८७६ दिलेलं आढळतं. दगडावर कोरायचं असेल तर दोन्ही कोरा. मृत्यूबद्दल वाद नाही : ४ जुलै १९५५, मुंबई. कुटुंब मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. वडील लष्करी आस्थापनेत नोकरीला असल्याने जन्म धारवाडचा आणि वाढ पुण्याची.

जुन्या वर्तमानपत्रांत शोध घेणार असाल तर आणखी एक अडचण येईल. धावफलकांत त्यांचं नाव 'पी. बाळू' असं असतं, भावांची 'पी. शिवराम', 'पी. विठ्ठल', 'पी. गणपत'. आडनाव आद्याक्षर होऊन पुढे गेलेलं. त्यामुळे 'पालवणकर' शोधणाऱ्याला निम्म्याहून अधिक नोंदी सापडतच नाहीत. छायाचित्रांखालीही भावाभावांत अदलाबदल होते. ज्या समूहचित्राखाली मूळ ओळी छापलेल्या नाहीत, त्यातल्या चेहऱ्यावर अंदाजाने नाव टाकू नका.

आता क्रमाकडे येऊ.

पहिलं दार उघडलं ते मजुराचं. पुण्यात एका पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट आणि रोलर ओढण्याचं काम, पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना जिमखान्यात त्याच कामाचे ४ रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवणं, क्रीजची फक्की मारणं, सरावाची जाळी लावणं, अधूनमधून टेनिसची कोर्टं आखणं. चरित्रं लिहिणारे हा भाग 'हलाखीचे दिवस' म्हणून दोन ओळींत उरकतात. आमचा आग्रह आहे की इथे थांबा. दालन करणार असाल तर बॅट-बॉलच्या आधी एक जुना लोखंडी रोलर आणून ठेवा, आणि त्याच्या कामाची नीट माहिती लिहा.

रोलर ओढणं म्हणजे नुसता जोर नव्हे. खेळपट्टीला पाणी दिल्यावर ती वाफशावर येईपर्यंत थांबावं लागतं. ओल जास्त असताना रोलर घातला तर माती पोलादाला चिकटून वर येते आणि पृष्ठभागाला चट्टे पडतात. फार सुकल्यावर घातला तर वरचा थर नुसता चुरतो, आत घट्टपणा येत नाही. आधी हलका रोलर, मग जड. चाल संथ, आणि प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्यावर थोडं चढून जायचं, नाहीतर मध्ये उंचवटा राहतो आणि चेंडू तिथून उसळतो. हे काम रोज करणाऱ्याला पायाखालच्या मातीवरून कळतं की दुपारपर्यंत कोणता तुकडा आधी सुकेल आणि चेंडू कुठे थबकून वळेल. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाला याहून चांगलं शिक्षण कोणतं? बाळू सुकत्या, चिकट खेळपट्टीवर विशेष धोकादायक होते असं त्यांच्या काळातले लोक लिहून गेलेत. सहज हालचाल, दोन्ही बाजूंना वळण, हवेत थोडा बाक, दिवसभर न थकता मारा, असं ते वर्णन आहे. ही कला निव्वळ दैवी देणगी म्हणून सांगितली जाते तेव्हा त्या रोलरवर अन्याय होतो.

दुसरं दार जाळीतलं. एका गोऱ्या सदस्याने त्यांना सरावासाठी गोलंदाजी करायला सांगितलं आणि मग ते रोजचंच झालं. जे. जी. ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या माऱ्यावर सराव करी. ग्रेग बाद झाला की बाळूंना आठ आणे मिळत, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. ती आख्यायिका म्हणूनच छापा. त्यावर 'मासिक पगाराच्या इतके टक्के' असली गणितंही कुणी मांडू नयेत. पक्की गोष्ट याहून कडू आहे : शेकडो तास गोलंदाजी करून घेतली, पण बॅट हातात दिली नाही. फलंदाजी साहेबाने आणि सरदाराने करायची, गोलंदाजी नोकराने. विलायतेतही हौशी खेळाडू आणि पगारी खेळाडू यांची विभागणी बरीचशी अशीच होती. १३.६९ ही फलंदाजीची सरासरी वाचताना हे ध्यानात असावं. तेवढं एकच कारण होतं असा आमचा दावा नाही.

तिसरं दार हिंदू संघाचं. गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवायचं तर त्यांच्याच जाळीत तयार झालेला गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबातल्या काहींच्या लक्षात आलं. विरोध झाला, पण बाळू संघात आले. मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळत. मैदानाबाहेर मात्र चहा त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं पान वेगळं. तोंड धुवायचं तर पाणी आणून द्यायला त्यांच्यासारखाच अस्पृश्य गडी. हे लिहिताना 'भेदभाव सहन करावा लागला' असं गुळमुळीत वाक्य घालू नका. 'मातीचं भांडं' हा शब्द घाला, 'बाहेर' हा शब्द घाला. शाळकरी मुलाला भेदभाव म्हणजे काय हे तेवढ्याने कळतं, आणि कुणाला अवघडल्यासारखं झालं तर होऊ द्या.

याच काळातला साताऱ्याचा सामना दालनात जरूर घ्या. तिथल्या गोऱ्या जिमखान्याने म्हणे बाळूंची धास्ती घेऊन आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी पाटा करून ठेवली. सततच्या रोलरने माती दाबली जाते, टप्पा पडल्यावर चेंडूला पकड मिळत नाही, तो सरळ बॅटवर येतो. फिरकीचा डंख काढायचा हा आजही चालणारा उपाय आहे. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले. पुण्यात परतल्यावर कौतुक झालं. न्यायमूर्ती रानड्यांनी खेळाडूंना, बाळूबरोबर खेळता येतं तर बाळूबरोबर चहा प्यायला आणि जेवायला काय हरकत आहे, असं सुनावल्याचं सांगतात. चेंडू आधी, पंगत नंतर, हा क्रम इथे उघड दिसतो. पंगतीचा प्रश्न विजयानंतर निघाला. सामना हरले असते तर निघाला असता का, याचा विचार तुमच्या समितीने जरूर करावा.

चौथं दार वंशाचं आहे आणि ते फलकांवर जवळपास नसतंच. १८९२ पासून मुंबई इलाख्यात युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. हिंदूंना त्यात जागा नव्हती. पुण्यातल्या प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथेही काही सदस्यांची समजूत काढावी लागली होती. पोटासाठी बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेत नोकरी होती. पण सर्वोच्च दर्जाचा सामना खेळायला १९०६ साल उजाडलं. त्या फेब्रुवारीत हिंदूंचं आव्हान बॉम्बे जिमखान्याने स्वीकारलं, म्हणजे ज्या संस्थेचं सदस्यत्व फक्त गोऱ्यांना मिळे त्या संस्थेने. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले आणि त्यात बाळूंच्या माऱ्याचा वाटा मोठा होता. सुधारकी पत्रांनी चर्मकार भावंडांना संघात घेण्याच्या निर्णयाचं कौतुक केलं ते या विजयानंतर.

तेव्हा बाळू तिशीच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे विशी ते तिशी, फिरकी गोलंदाजाची उमेदीची दहा वर्षं, प्रथम दर्जाच्या नोंदींत कोरी आहेत. पुढेही वर्षाकाठी एक स्पर्धा, त्यात एक-दोन सामने. १९०७ पासून तिरंगी (युरोपियन, पारशी, हिंदू), १९१२ पासून मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी. इतकी वर्षं खेळूनही सामने फक्त ३३ का, असं मुलं विचारतात त्याचं उत्तर हे. कोष्टक करणार असाल तर १८९६ ते १९०५ ही वर्षं गाळू नका. रिकाम्या ओळी ठेवा आणि शेजारी कारण लिहा.

पाचवं दार कर्णधारपदाचं, आणि इथेच सर्वाधिक खोटं छापलं जातं. 'हिंदू संघाचे पहिले दलित कर्णधार पालवणकर बाळू' हे चूक आहे. अधिकृत कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी जाहीर भाषणात सांगितलं की हा मान सर्वांत ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. सांगितलं, पण पद पैंकडेच राहिलं. १९२० मध्ये पै उपलब्ध नसताना कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूंना वगळलं गेलं. त्यावर विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीरपणे मांडलं. पुढच्या सामन्यात पै परतले, भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले. पैंनी मुद्दाम काही वेळ मैदान सोडलं म्हणून तेवढ्यापुरतं नेतृत्व बाळूंनी केलं. त्यांच्या वाट्याला आलेलं कर्णधारपद ते एवढंच. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी जिंकली. तेव्हा फलकावर 'कर्णधार' हा शब्द हवाच असेल तर तो विठ्ठलांच्या नावापुढे लिहा, आणि बाळूंच्या नावापुढे 'डावलले गेले' असं लिहा.

गोलंदाजाशिवाय सामना जिंकता येत नव्हता, म्हणून बाळू संघात आले. कर्णधार दुसरा कुणी असला तरी जिंकता येत होतं, म्हणून ते पद त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. वरचा सगळा क्रम या हिशेबात बसतो.

विठ्ठलांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं आहे, १९४८ चं. घरातल्या माणसाने लिहिलेलं साधन मराठीतच उपलब्ध असताना आपण इंग्रजी लेखांच्या तिसऱ्या हाताच्या भाषांतरावर फलक करावेत, हे आम्हाला पटत नाही. समितीतल्या एकाने तरी ते वाचलेलं असावं, ही अट घाला.

निवृत्तीनंतरचं राजकारण समित्यांना अडचणीचं वाटतं. कुणी ते पूर्ण गाळतं, कुणी एकच अर्धा ठेवतं. दोन्ही करू नका. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३३ मध्ये बाळू हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबई विधानसभेसाठी खुद्द आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. हे आकडे विशेषणांशिवाय छापा. हार घालायला येणारे कुठल्याही बाजूचे असले तरी त्यांना ते वाचता आले पाहिजेत.

आता कामाच्या काही गोष्टी. काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेला आकडा दुरुस्त होत नाही. घासून पुन्हा कोरला तर खड्डा दिसतो. म्हणून आधी तोच मजकूर साध्या फ्लेक्सवर छापून दोनेक महिने मैदानाच्या दारात टांगा, खाली चुका कळवण्यासाठी वही ठेवा आणि मगच कारागिराकडे द्या. आकड्यांचा भाग मुख्य दगडावर न कोरता वेगळ्या पितळी पट्टीवर घेतला तर उद्या एखादा जुना धावफलक सापडल्यावर तेवढी पट्टी बदलता येते. अक्षरं उभं राहून दोन मीटरवरून वाचता यावीत, आणि फलक प्रेक्षकांच्या प्रवेशदाराशी लावण्याऐवजी मैदानावरची माणसं ज्या बाजूने रोलर आत नेतात तिथे लावावा, असं आमचं मत आहे. पाहुण्यांना थोडं वळून जावं लागेल, जाऊ द्या.

स्पर्धा भरवणार असाल तर तीन गोष्टी नियमावलीत लिहून घ्या. धावफलकाच्या कागदावर पंच आणि गुणलेखकांच्या नावांखाली खेळपट्टी तयार करणाऱ्यांची नावं छापा. जाळीत गोलंदाजी करायला बोलावलेल्या मुलांना दिवसाचा ठरलेला मोबदला त्याच संध्याकाळी द्या आणि सत्र संपताना प्रत्येकाला निदान दोन षटकं बॅट हातात मिळेल असं वेळापत्रक आखा. आणि मैदानावर काम करणाऱ्यांचं जेवण खेळाडूंच्याच मंडपात, त्याच वेळी, त्याच ताटांत ठेवा. वेगळा डबा पाठवायचा नाही. जेवणाच्या कंत्राटात माणसांची संख्या लिहिताना ही माणसं धरली आहेत का, ते खजिनदारांनी सही करण्याआधी तपासावं. बहुतेक वेळा ती धरलेली नसतात.

मजकूर तपासून हवा असेल तर छपाईच्या आधी किमान तीन आठवडे पाठवा. आदल्या रात्री आलेला मजकूर आम्ही तपासत नाही.

आपले,
मैदानावरचे काही गुणलेखक, पंच आणि खेळपट्टी राखणारे